बेबीचं रुखवत

झाकण उघडलं आणि मला सलग चार शिंका आल्या. लव्हेंडर, डांबराच्या गोळ्या, मॅक्रोकार्पाच्या लाकडाचा लिंबासारखा झणझणीत वास, आणि या सगळ्यांच्या खाली दबलेला खळीचा वास. मम्मी भाताच्या पेजेची खळ करायची, ती. इतकी वर्षं पेटीत कोंडलेला वास एव्हाना मेला असेल असं कुणालाही वाटेल. हा पठ्ठ्या जिवंत होता आणि थेट नाकात घुसला.

मी ऑकलंडला आले होते पप्पांचं घर रिकामं करायला. वेलिंग्टनहून नऊ तास गाडी हाकत. सोबत काळ्या पिशव्यांची तीन बंडलं, चिकटपट्टी, भाड्याची व्हॅन आणि एक भाषण. भाषण टाउपोच्या तळ्याकाठी पाय ओले करून मोठ्याने पाठ केलं होतं. दोन बदकं शेवटपर्यंत थांबली होती. मम्मीला जाऊन सहा वर्षं झाली होती, पप्पा जूनमध्ये गेले. घर विकलं गेलं होतं, पुढच्या शुक्रवारी किल्ल्या द्यायच्या होत्या, आणि घरात अजून माझी धाकटी बहीण बेबी होती. वय वर्षं शेहेचाळीस. तिने आता कुठे राहायचं, हे आज ठरायचं होतं. एक जागा होती आमच्या चर्चच्या मंडळीतल्या जॉयबाईंच्या घरातली शिवणाची खोली. दुसरी माझ्या घरातली, उन्हाची, समुद्राकडे तोंड असलेली. मी तिथे नवे पडदेसुद्धा लावून आले होते.

"ताई, शिंकतेस काय त्यात! उशांचे अभ्रे आहेत," बेबी दारातून म्हणाली.

"कुणाचे?"

"माझे."

"चोवीस अभ्रे? किती डोकी आहेत तुला?"

ती हसली. ओठ मिटून, मान किंचित खाली घालून. हे हसणं आमच्या घरातलं नव्हे. आमच्या घरात सगळे घोड्यासारखे हसतात. हे हसणं तिला शिकवलेलं आहे, गुरुवारी, दुपारी दोन ते चार.

आम्ही नगरचे. मिशन कंपाउंडात वाढलो; चर्चची घंटा, शेजारी हॉस्टेलचा भोंगा, आणि मधे पप्पांची बाजाची पेटी. पप्पांना ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचं काम मिळालं आणि आम्ही तिघं इकडे आलो. बेबी बारावीसाठी आत्याकडे मागे राहिली. पप्पांना नोकरी मिळाली, घर मिळालं, पण रविवार रिकामा पडला. मराठी उपासना तेव्हा ऑकलंडमध्ये कुठली असायला! मग कारखान्यातला फोरमन नील त्यांना आपल्या मंडळीत घेऊन गेला. शहर संपून गायी सुरू होतात तिथे एक लाकडी हॉल होता. पंधरा-वीस कुटुंबं. बायका लांब स्कर्टातल्या, मुली लांब स्कर्टातल्या, आणि मुली पुष्कळ. शाळा घरीच, काम घरीच, आणि बाप जोवर हात दुसऱ्याच्या हातात देत नाही तोवर मुक्काम घरीच. नील त्या मंडळीचा वडील होता. मंडळीचा कारभार बघणाऱ्यांना आम्ही वडील म्हणतो. त्यामुळे आम्हाला एकाच वेळी दोन वडील झाले, आणि दोघांचं एकमेकांशी फार जमायचं.

पहिल्याच रविवारी पप्पा प्रार्थनेची विनंती करायला उभे राहिले. "प्लीज प्रे फॉर अवर बेबी," ते गहिवरून म्हणाले. "बेबी इज इन इंडिया विथ माय सिस्टर. बेबी विल कम इन मार्च. अलोन. बाय प्लेन."

हॉलमध्ये बायकांनी श्वास आत ओढल्याचा आवाज मी आजही काढून दाखवू शकते. सगळ्या माना मम्मीकडे वळल्या. ही कसली आई, तान्हं टाकून आली! मम्मीला वाटलं, साडीकडे बघताहेत. तिने पदर सारखा केला आणि सर्वांना गोड हसून दाखवलं.

मराठी घरातली बेबी साठ वर्षांची असते. तिला मधुमेह असतो आणि लग्नात ती मानपानावरून रुसते. नगरला आमच्या शेजारी बेबीमावशी होत्या, शाळेत हेडबाई, बारीक मिशी, आवाज असा की पोरं पलीकडच्या गल्लीत सरळ चालायची. त्या नावात लहानपण कुणी शोधत नाही. पण हे त्या हॉलला कोण सांगणार?

मार्चमध्ये विमानतळावर मंडळी हजर. नीलच्या गाडीत मागे रंगवलेला पाळणा. नीलच्या बायकोच्या, म्हणजे जॉयच्या हातात लोकरीचे पांढरे मोजे आणि रिबीन ओवलेलं टोपडं. काचेचं दार सरकलं आणि बेबी बाहेर आली. पाच फूट आठ इंच. कमरेपर्यंत वेणी, काखेत भौतिकशास्त्राचं गाईड, कारण निकाल लागायचा होता आणि तिचा एका उत्तरावर बोर्डाशी वाद होता.

"हीच बेबी!" मम्मी ओरडली.

जॉयने टोपड्याकडे पाहिलं, मग वर, आणखी वर पाहिलं. "ओह," ती म्हणाली. "शी हॅज... ग्रोन."

आम्ही गाडीत पोट धरून हसलो. बेबी सगळ्यात जास्त हसली, घोड्यासारखी. पाळणा नीलच्या गॅरेजमध्ये परत गेला. पण त्या बायकांनी ते विणकाम काही उसवलं नाही. फक्त माप वाढवत नेलं.

जॉय म्हणायची, मला नुसतं जॉय म्हणा. मम्मीच्या जिभेला ते झेपेना. तिने जॉयबाई केलं. दर गुरुवारी जॉयबाईंकडे मुलींचा वर्ग भरायचा. जेवणाच्या टेबलावर काटे-चमचे कसे मांडायचे, रुमालाचा हंस कसा करायचा, अभ्र्याला इस्त्री करताना लव्हेंडरचं पाणी किती उंचीवरून शिंपडायचं. पाहुणा बोलत असताना कपाची बशी वाजू द्यायची नाही. लग्न होईपर्यंत केसांना रिबीन, लग्नानंतर अंबाडा. मधे काही नाही. स्कोनच्या, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या पावांच्या, पिठाला हात कमी लावायचा, जितका हात कमी तितका स्कोन हलका. बेबीचे स्कोन ढगासारखे व्हायचे. माझे पप्पांच्या कारखान्यात ओतल्यासारखे. एका गुरुवारी मी त्यात हिरवी मिरची आणि ओवा घातला. नीलने दोन खाल्ले, तिसऱ्याला हात घातला, कपाळाचा घाम पुसला. जॉयबाई म्हणाल्या, "यू आर हीप्स ऑफ फन, डियर," आणि पुढच्या गुरुवारपासून मला भांडी विसळायला बसवलं.

खोटं कशाला बोलू, मला ते सगळं आवडायचं. भांड्यांच्या पाण्यात हात बुडवून मी खिडकीतून बघत राहायचे. एकाच छापाच्या कापडातल्या नऊ-दहा मुली गवतावर धुतलेल्या चादरी ओढून सरळ करताहेत, दोघी या टोकाला, दोघी त्या टोकाला. चादर फटकन वाजते, सगळ्या एकदम खिदळतात आणि मग आठवल्यासारख्या ओठ मिटतात. डिसेंबरात पायवाटेवर पोहुतुकावाच्या फुलांचे लाल तंतू पडायचे, आणि भर उन्हाळ्यातल्या त्या नाताळात मम्मीच्या करंज्या जॉयबाईंच्या पाव्हलोव्हा केकशेजारी ऐटीत बसायच्या. समुद्रावर गेलो की या मुलींचे टॉग्ज, पोहायचे कपडेसुद्धा गुडघ्याखाली. पाण्यात शिरल्या की फुगून वर यायच्या, तरंगणाऱ्या छत्र्यांसारख्या. एप्रिलमध्ये फेजोआ. ती हिरवी फळं झाडाखाली टपटप पडायची आणि सगळं स्वयंपाकघर अत्तराच्या दुकानासारखं घमघमायचं. बेबी आणि मी ती अर्धी कापून चमच्याने गर काढायचो, बरण्या उकळायचो, झाकण आत ओढलं जाऊन टक् असा आवाज आला की एकमेकींकडे बघायचो. पावसाळी थंडीत काचा धुरकट व्हायच्या, इस्त्रीची वाफ, ओल्या लोकरीचा वास, आणि हॉलमध्ये पप्पा बाजाची पेटी घेऊन बसले की सगळ्या गोऱ्या मुली त्यांच्या भजनाला टाळ्या द्यायच्या, नेहमी एक मात्रा उशिरा.

हे सगळं मला परत द्या, मी आत्ता घेते. फक्त त्यातून बेबीला बाहेर काढून द्या.

कारण पेटी. मुलगी मंडळीत आली की नील तिच्यासाठी स्वतःच्या हाताने मॅक्रोकार्पाची पेटी करायचा. इथे तिला ग्लोरी बॉक्स म्हणतात. संसाराचं सामान जमवत जायचं. मला केली नाही, मी भांड्यांवर होते. बेबीची पेटी घरी आली तेव्हा मम्मीने झाकण उघडून आत डोकं घातलं आणि टाळी वाजवली. "अगं बाई! म्हणजे रुखवत की!"

चूक तिथे झाली. रुखवत म्हटल्यावर मम्मीला वाटलं, या लोकांना सगळं कळतं. नगरला रुखवताला तारीख असते. आधी तारीख ठरते, मग पंधरा दिवस गल्लीतल्या बायका पडवीत बसतात, मण्यांची तोरणं करतात, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढतात, आणि लग्नाच्या दिवशी सगळं टेबलावर मांडून पाहुण्यांना दाखवतात. इथे तारीख नव्हती. नुसती पेटी होती आणि पेटीला तळ नव्हता. मम्मीने क्रोशाचं तोरण दिलं, बेबीने टेबलक्लॉथ भरला, मग त्याला जुळणारे बारा रुमाल, मग रुमालांना जुळणारे अभ्रे. बारावीला भौतिकशास्त्रात केंद्रात दुसरी आलेली मुलगी उलट्या टाक्यात गुलाबाची पानं भरत बसली. बोर्डाने तिचं उत्तर बरोबर होतं असं कळवलं, ते पत्रसुद्धा पेटीत आहे. अभ्र्यांच्या खाली.

ती बावीस वर्षांची असताना वायकाटोतल्या गोठ्यावरचा एक गुलाबी कानांचा मुलगा पप्पांना भेटायला आला. पप्पांनी त्याला मटण खाऊ घातलं आणि सांगितलं, "शी इज स्टिल अवर बेबी." अठ्ठाविसाव्या वर्षी एक शिक्षक. मटण. बेबी अजून लहान आहे. पस्तिसाव्या वर्षी हॅमिल्टनचा फार्मसिस्ट, मूळ कोल्हापूरचा, आपला माणूस, त्याने तर रस्साही वाटीने मागून घेतला. बेबी अजून लहान आहे. त्यानंतर आमच्या घरी मटण कमी झालं.

बेबीला कुणी विचारलं का? मला विचारू नका. मी तोवर वेलिंग्टनला पळाले होते, सरकारी कचेरीत फायलींना नंबर देत होते, लग्न करून मोकळी झाले होते. दर नाताळला यायचे. तीच खोली, तीच गुलाबांची चादर, वेणीला तीच रिबीन. फक्त वेणी बारीक होत चाललेली आणि रिबिनीशेजारी पांढरं. मी बॅग ठेवायच्या आधी सुरू व्हायचे.

"लायसन्स काढ."

"पप्पा सोडतात ना."

"पप्पांना आता बेसिन दिसत नाही, बेबी. तूच फोनवर म्हणालीस, काल त्यांनी कचऱ्याच्या डब्यात तोंड धुतलं."

"हळू सोडतात."

"मग कोर्स कर काहीतरी."

"गुरुवारी वर्ग असतो."

वर्ग आता तीच घ्यायची. जॉयबाईंचे हात थरथरायला लागले होते. बेबीच्या हाताखालून मुली जायच्या, अंबाडे घालायच्या, आणि आपल्या मुलींना घेऊन परत यायच्या. त्या मुलीसुद्धा तिला बेबीच म्हणायच्या. मी किंचाळायचे. खरोखर किंचाळायचे, मागच्या अंगणात जाऊन, फेजोआच्या झाडाला धरून. शेजारी हात हलवून "ऑल गुड?" विचारायचे. मी "स्वीट ॲज" म्हणायचे, म्हणजे सगळं झकास, आणि आत येऊन तिचे ढगासारखे स्कोन सहा खायचे.

तर अशा त्या शनिवारी मी पेटीपुढे बसले होते आणि दारावर हलकी टकटक झाली. जॉयबाई. ऐंशी वर्षं, निळे डोळे, हातात डबा. शिवणाच्या खोलीतला पलंग बसवून झाला, असं त्या मऊ आवाजात म्हणाल्या. नीलच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, घरात एक मुलगी असली की केवढा आधार.

"मुलगी?" मी म्हणाले. "जॉयबाई, तिला चष्मा लागलाय वाचायचा."

"ती आमची मुलगीच आहे, डियर."

मी उभी राहिले. टाउपोचं भाषण बाहेर काढलं. दोन बदकांना जे दिलं त्याहून दुप्पट जोरात. ऊन, समुद्र, बस दारातून, वाचनालय, माझा नवरा दिवसभर कचेरीत, तू राणीसारखी राहा! जॉयबाई प्रत्येक वाक्यानंतर "लव्हली" म्हणायच्या आणि पुन्हा शिवणाच्या खोलीवर यायच्या. मी पडदे म्हटलं की त्या रजई म्हणायच्या. मधे बेबी जमिनीवर बसून अभ्र्यांच्या घड्या घालत होती, कोपऱ्याला कोपरा.

"झालं दोघींचं?" ती म्हणाली. आधी मला मराठीत, मग जॉयबाईंना इंग्रजीत. "मी इथेच शहरात, सँडरिंगहॅमला जागा घेतलीय. वाण्याच्या काचेवर चिठ्ठी लावली होती. मागच्या अंगणात एका खोलीचा ग्रॅनी फ्लॅट आहे. शेजारच्या साडीच्या दुकानात फॉल-पिकोला माणूस हवंय, तेही बोलून ठेवलंय."

मला हसू फुटलं. राग आला की मला हसू येतं. "ग्रॅनी फ्लॅट? अगं, कालपर्यंत मुलगी होतीस, एकदम ग्रॅनी? मधलं कुठे गेलं?"

"मधलं तुम्ही सगळ्यांनी खाल्लं," ती घडी घालत म्हणाली.

"मी? मी काय केलं? मी तर वीस वर्षं ओरडतेय, बाहेर पड म्हणून!"

"हो. लायसन्स काढ, कोर्स कर, वेलिंग्टनला ये. पडदे कसले लावलेस माझ्या खोलीला?"

मी चिकटपट्टीचं टोक शोधू लागले.

"ताई, कसले?"

"गुलाबी," मी म्हणाले. "पण फिकट!"

बेबी हसली. तोंड उघडून, दात दाखवून, थेट नगरचं. जॉयबाई दचकल्या. त्यांनी डबा छातीशी धरला. "पण तुझ्याकडे कोण बघेल, डियर?" त्यांनी विचारलं, आणि मला तो प्रश्न इतका रास्त वाटला की त्याची लाज वाटली.

"आईवडील मी बघितले, जॉय," बेबी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा नुसतं जॉय. "शेवटपर्यंत. एक माणूस तर सोपं आहे."

पेटी व्हॅनमध्ये मीच घातली. बेबीला ती नको होती. चार अभ्रे आणि बोर्डाचं पत्र तिने काढून घेतलं, बाकी मला म्हणाली, तुला वास आवडतो ना, घेऊन जा. आता ती पेटी माझ्या दारातल्या बोळात आहे. येणारे-जाणारे तिच्यावर बसून जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढतात. मी एकटी असले की झाकण उघडून नाक खुपसते.

ऑक्टोबरची मोठी सुट्टी आली आणि मला राहवेना. सांगायचं नाही, थेट जाऊन उभं राहायचं, असा मी बेत केला. चिवडा केला, कढीपत्त्याचं रोप घेतलं, स्लीपिंग बॅग घेतली, तिला गादी नसली तर आपली सोय. नऊ तास. सँडरिंगहॅमच्या रस्त्यावर मिठाईच्या दुकानापुढे कशीबशी गाडी लावली, बोळातून मागच्या अंगणात गेले. संध्याकाळचे सहा, छान पिवळं ऊन, दोरीवर एकच टॉवेल. मी दार वाजवलं.

दार साखळीपुरतं उघडलं.

"ताई? आज?"

"सरप्राइज!"

"फोन करायचास."

"बहिणीकडे यायला फोन?"

"हो."

मी फटीतून आत डोकावले. एका कोपऱ्यात उशी दिसली. "कुणी आलंय का?" मी आवाज खाली आणून विचारलं. आशा केवढी असते माणसाला!

"नाही."

"मग काम आहे? खूप साड्या आल्यात का? दे चार, मीही बसते."

"साड्या नाहीत."

"बरं वाटत नाही का?"

"छान वाटतंय."

"मग करतेयस काय तू आत?"

"काही नाही."

"मग उघड की दार!"

"नाही ना ताई," ती म्हणाली, अगदी प्रेमाने. "मला तेच करायचंय. उद्या ये. अकरा वाजता."

"मी वेलिंग्टनहून आलेय!"

"म्हणून तर म्हणते, थकली असशील. पुढच्या चौकात मोटेल आहे." फटीतून हात आला, चिवड्याची पिशवी घेतली, रोपही घेतलं, आणि दार लागलं. कडीचा आवाज आला.

पायरीवर मी, काखेत स्लीपिंग बॅग, कान रागाने तापलेले. शेजारच्या खिडकीतून एक बाई बघत होती. तिला मी हात हलवला. मग ती आत जाईपर्यंत थांबले, आणि दाराला कान लावला. टीव्ही नाही, नळ नाही, मशीन नाही, भांडं नाही. आत खरंच काही चाललेलं नव्हतं.